नगरदेवापुढे कापलेला कोंबडा

युनलिन, गुरुवार सकाळ

प्रिय यी-वेन,

दर रविवारी फोनवर तासभर बडबडणारी आत्या आज पत्र का लिहीत बसली, असं तुला वाटेल. फोनवर मला हे जमलं नसतं गं. तू मध्येच म्हणाली असतीस, "असू दे आत्या, झालं गेलं," आणि मी लगेच गप्प बसले असते. गप्प बसायला मला निमित्तच लागतं. चौऱ्याहत्तर वर्षांची झाले, बाजारात मासेवाल्याशी अजून हुज्जत घालते, पण जिथे बोलायला हवं तिथे नेमकी दातखीळ बसते. म्हणून लिहितेय. शेवटपर्यंत वाच. मध्ये राग आला तर कागद खाली ठेव, पाणी पी, पण पुन्हा उचल.

तुझ्या बापाबद्दल लिहायचंय. त्याचं नाव काढायचं नाही, हा आपल्या दोघींतला करार मी बारा वर्षं पाळला. आज मोडतेय.

तो पहिल्यांदा निवडून आला तेव्हा तू आठ वर्षांची होतीस. तुझी आई जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि तुझ्या वेण्या घालायला म्हणून आलेली मी या घरातच राहून गेले होते. त्या वर्षी लसणाला भावच नव्हता. उपटायची मजुरीही निघत नाही म्हणून लोक उभ्या पिकात नांगर घालत होते. तुझा बाप खुन-शान तेव्हा शेतकरी संघात वजनकाट्यावर बसायचा. तो खासदारकीला अपक्ष उभा राहिला, सगळे हसले, आणि हसता हसता त्यालाच मतं देऊन मोकळे झाले. पहिल्याच अधिवेशनात गडी पंचवीस किलोचं पोतं खांद्यावर मारून सभागृहात शिरला आणि मंत्र्याच्या टेबलावर लसूण ओतला. "साहेब, एक किलो सोलून दाखवा. मग भावाचं बोलू." तायपेईच्या वर्तमानपत्रांनी नाकं मुरडली, त्याला 'लसूणवाला' नाव ठेवलं. गावात मात्र फटाक्यांच्या माळा लागल्या. शाळेत पोरी तुला बघून नाक धरतात म्हणून तू रडत घरी आलीस, तेव्हा तो काय म्हणाला होता आठवतं? "त्यांना सांग, घरी जाऊन आईला विचारा, रश्शाला चव कशाने येते." तुला हसू आलं आणि नाकातून शेंबूडही आला.

तो साधू नव्हता, हे मीच सांगते. माझ्याइतकं कोणाला माहीत असणार? दोनदा पक्ष बदलला. ज्याच्या अंगावर ध्वनिक्षेपक फेकला होता त्याच्याच शेजारी आठवड्याभरात हसत बसला. कालव्याच्या साहेबाला भर कचेरीत थोबाडीत मारली. नात्यातल्या दोन पोरांना शेतकरी संघात चिकटवलं. एकदा सभापतींचा हातोडाच खिशात घालून गावी आला; तो परत मागायला माणूस येईपर्यंत चार दिवस मी त्याने आलं ठेचत होते. टीव्हीवर दर महिन्याला त्याचा शर्ट फाटलेला दिसायचा आणि मी इकडे बटणं शिवून शिवून वैतागायचे. "अरे मेल्या, निदान जुना शर्ट घालून भांडायला जा," असं मी म्हटलं, तर म्हणे, "ताई, जुन्या शर्टाला कॅमेरे येत नाहीत."

पण वादळात केळी आडवी झाली तेव्हा भरपाई कोणी आणली? म्हाताऱ्या शेतकऱ्यांना महिन्याचा भत्ता मिळावा म्हणून सभागृहात तीन रात्री व्यासपीठावर कोण झोपला? मुहूर्ताच्या दिवशी अकरा लग्नं असायची, प्रत्येक मांडवात तो एक घास खायचा, एक पेला उचलायचा, नव्या नवरीच्या सासूला दम द्यायचा आणि पुढच्या मांडवात पळायचा. मयताला तर सख्ख्या पोरांपेक्षा जास्त रडायचा. लोक म्हणायचे मतांसाठी रडतो. मी बघितलंय, घरी येऊन भाताच्या वाडग्यावर मान खाली घालून पुन्हा रडायचा. त्याला तुझी आई आठवत असावी. पाच निवडणुका तो जिंकला, आणि सहावीच्या वेळी ती शपथ आली.

त्या शपथेचं तुला माहीत आहे ते आधी मांडते. गावाच्या वरच्या अंगाला धातूला मुलामा देणारा कारखाना आला होता. वर्षभरात कालव्याच्या पाण्याला वास यायला लागला, खालच्या तीन वाड्यांचा लसूण पिवळा पडून मातीतच सडला. विरोधी उमेदवार गाडीवर भोंगा लावून फिरत होता, "कारखान्याला जमीन द्या अशी शिफारस खासदार तिंग यांनीच केली!" तुझा बाप संतापला. आपल्याकडे माणूस संतापला आणि त्याचं खरं असलं की शेवटचा उपाय काय करतो, ते तुला लहानपणापासून ठाऊक आहे. तो नगरदेवाच्या देवळात गेला, पिवळ्या कागदावर शपथ लिहिली, मोठ्याने वाचली, कागद जाळला आणि देवापुढे पांढऱ्या कोंबड्याचं मुंडकं उडवलं. "असा कागद माझ्याकडून गेला असेल, तर माझा वंश इथेच खुंटो." संध्याकाळच्या बातम्यांत ते सगळ्या देशाने बघितलं. तूही तायपेईत बघितलंस, पाचव्या महिन्याचं पोट घेऊन.

चौथ्या दिवशी ते शिफारसपत्र वर्तमानपत्रात छापून आलं. खाली लाल शिक्का, तिंग खुन-शान. निवडणूक तो हरला, ते तर होणारच होतं. गावात पोरं त्याच्या मागे कोंबड्यासारखी आरवायची. आणि अठरा दिवसांनी तुझं बाळ गेलं.

तू त्याला फोन केलास तेव्हा मी शेजारीच होते. तू ओरडली नाहीस. ओरडली असतीस तर बरं झालं असतं. तू म्हणालीस, "बाबा, मी गणित शिकवते, देवाबिवाचं मला काही नाही. डॉक्टरही म्हणाले, असं होतं कधी कधी. पण तुम्हाला माहीत होतं की तुम्ही खोटं बोलताय. आणि खोटं बोलताना पणाला लावायला तुम्हाला माझंच पोर सापडलं." तो "हो" म्हणाला. एवढंच. तू फोन ठेवलास. बाईगं, तो "हो" अजून माझ्या कानात आहे.

आता तुला माहीत नाही ते. इथे माझा हात थांबतोय. मघाशी उठून उगाच चहाची भांडी घासून आले, घासलेलीच होती.

कचेरी मी चालवायचे. तो तायपेईत भांडत असायचा आणि इथे दारात रांग माझ्यापुढे. कोणाला विहिरीची परवानगी, कोणाला पोराची बदली, कोणाला म्हातारीसाठी हॉस्पिटलात खाट. प्रत्येकाला खासदाराचं शिफारसपत्र हवं. सही कोण बघतंय आपल्याकडे, नावाचा शिक्का उमटला की काम झालं. शिक्का माझ्या खणात असायचा, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. "ताई, तूच मार, माझ्यापेक्षा तुला माणसं कळतात," असं म्हणून त्यानेच तो मला दिला होता. दिवसाला तीस-चाळीस कागदांवर मी शिक्का मारायचे आणि फोनवर त्याला सांगायचे. कधी सांगायचं राहूनही जायचं.

वू मास्तर तुला आठवत असतील, आम्हा दोघांना शाळेत शिकवलेले, ज्यांच्यापुढे तुझा बापसुद्धा सिगारेट लपवायचा. एका दुपारी ते आले. बरोबर कारखान्याचा माणूस, हातात नाशपातीची टोपली. मास्तर म्हणाले, "पोरी, तीनशे माणसांना काम मिळेल. आपली पोरं शहरात जातात ती परत येत नाहीत. खुन-शान आज सभागृहात आहे, आणि अर्जाची मुदत आजच संपतेय." मी कागद वाचला. वाचला नाही असं आजही म्हणता येईल, पण वाचला. पाण्याचं काय, असं विचारलंही. "सगळं शुद्ध करून सोडणार," कारखान्याचा माणूस म्हणाला. मी थांबायला हवं होतं, एक फोन करायला हवा होता. पण तू तायपेईला जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती, सणाला दोन दिवस यायचीस आणि तिसऱ्या दिवशी पिशवी भरायचीस. मला वाटलं, गावात कचेऱ्या असत्या, कारखाने असते, तर आपली पोर अशी पाहुण्यासारखी आली नसती. बघ, किती मूर्ख बाई! गणिताची मास्तरीण मुलाम्याच्या कारखान्यात काय काम करणार होती? पण त्या क्षणी मला तेवढंच दिसलं. मी डबा उघडला आणि शिक्का मारला. रात्री त्याचा फोन आला तेव्हा तो भांडून दमलेला होता, मी त्याला फक्त जेवलास का विचारलं.

पाण्याला वास यायला लागला तेव्हाच मला कळलं होतं. चोराच्या मनात चांदणं. वू मास्तर तोवर वारले होते, मला कोणी विचारत नव्हतं, आणि मी मनाशी म्हणत होते, त्या एका कागदाने थोडाच कारखाना आला असेल, वर दहा साहेबांनी सह्या केल्याच असतील ना.

शपथेच्या आदल्या संध्याकाळी तो स्वयंपाकघरात आला. मी खारवलेल्या मुळ्याचं ऑम्लेट करत होते. तो दारातच उभा राहिला आणि म्हणाला, "ताई, एक विचारतो. आपल्या कचेरीतून असा कागद गेलाय का? गेला असेल तर सांग, मी उद्या लोकांपुढे माफी मागतो, पडलो तर पडलो. पण नगरदेवापुढे उभं राहायचंय, तेव्हा खरं सांग." यी-वेन, त्याने मला इतकं सरळ विचारलं होतं. मी ऑम्लेट उलटलं आणि म्हणाले, "छे रे. असलं काही नाही."

का म्हणाले? बारा वर्षं मी स्वतःला विचारतेय. तो रागावेल म्हणून नाही, तो माझ्यावर कधी रागावलाच नाही. लाज वाटली. इतकी वर्षं सगळा गाव म्हणायचा, तिंगच्या कचेरीत त्याची बहीण आहे म्हणून काम चोख होतं. ते एवढं मला सोडवेना. वाटलं, कागद कुठेतरी धुळीत पडला असेल, कोण शोधतंय.

दुसऱ्या दिवशी देवळात मुंडकं झेलायचं ताट माझ्या हातात होतं. चारशे माणसं असतील, सात कॅमेरे मी मोजले. माझा नगरदेवावर विश्वास नव्हता म्हणून मी गप्प राहिले असं समजू नकोस. आहे, पूर्ण विश्वास आहे, दर अमावास्या-पौर्णिमेला मी त्याच्या पाया पडते. खुन-शान शपथ वाचत होता, काय वाचणार ते मला आधी सांगितलं नव्हतं. मला वाटलं होतं स्वतःच्या जिवाचं म्हणेल. 'वंश' हा शब्द आला तेव्हा माझ्या डोळ्यापुढे तू आलीस. त्या वेळी एवढंच म्हणायचं होतं, "थांब, खुन-शान." दोन शब्द. त्याने सुरी उचलली, आणि मी ताट पुढे धरलं.

तुझं बाळ त्यामुळे गेलं का, ते डॉक्टरांना विचार, नगरदेवाला विचार. मला विचारशील तर मी रोज वेगळं उत्तर देते. पण खोटं कोण बोललं, याला एकच उत्तर आहे, आणि ते तुझा बाप नाही. त्याने जे वाचलं त्यातला शब्दन् शब्द त्याला खरा वाटत होता. त्याने तुला पणाला लावलं नाही. आपण हरणारच नाही असं ज्याला माहीत असतं, तो पणाला लावत नसतो. त्याच्या लेखी तू जगात सगळ्यात सुरक्षित जागी होतीस, त्याच्या खऱ्या शब्दाच्या आड.

पेपर आला त्या सकाळी त्याने तो छापलेला कागद बघितला, मग माझ्या तोंडाकडे बघितलं. मग म्हणाला, "ताई, तू जेवलीस का?" दारात पत्रकार होते. त्यांना म्हणाला, "शिक्का माझा आहे, जबाबदारी माझी." "म्हणजे शपथ खोटी?" असं कोणीतरी ओरडलं, त्यावर त्याने दार लावून घेतलं. जो माणूस आयुष्यभर कोणाचं ऐकून घेत नव्हता, तो त्या दिवसापासून ऐकून घ्यायला लागला. खालच्या तीन वाड्यांत घरोघर गेला. एका बाईने उष्टं पाणी अंगावर ओतलं, तर तसाच उभा राहून म्हणाला, "वहिनी, अजून आहे का?" कारखान्याच्या फाटकासमोर चार वर्षं खुर्ची टाकून बसला, उन्हात, थंडीत, कॅमेरा नाही की भोंगा नाही. शेवटी कारखाना बंद झाला, तेव्हा वर्तमानपत्रात एक ओळ आली नाही.

तुझा फोन येऊन गेला त्या दिवशी मी त्याचे पाय धरले. म्हटलं, "आत्ता तिला लावते, सगळं सांगते." त्याने फोनवर हात ठेवला. "ताई, तिची आई एकदा गेली. तिला दुसऱ्यांदा पोरकी करू नकोस. मला शिव्या खायची सवय आहे, तोच माझा धंदा होता. ती माझ्यावर रागावली तरी तिला तू उरतेस. तुझ्यावर रागावली तर तिला कोण?" आणि मी, यी-वेन, मी त्याचं ऐकलं. मला ते सोयीचं होतं. माझ्या वाढदिवसाला तू पाठवलेल्या शेवया मी खाल्ल्या, तू दिलेली स्वेटरं घातली, तुझी सगळी माया मी घेतली, त्याच्या ताटातली उचलून.

दर रविवारी फोन वाजायच्या आधी पंधरा मिनिटं तो दाढी करून शेजारी येऊन बसायचा. मी फोनचा आवाज मोठा ठेवायचे. श्वाससुद्धा जपून घ्यायचा. तू मध्येच थांबलीस की हाताने खुणा करायचा, विचार ना, जेवते का वेळेवर, विचार, खोकला गेला का. तू म्हणायचीस, "आत्या, तू किती प्रश्न विचारतेस गं!" त्यातले अर्धे माझे नसायचे.

आता हे आजच का लिहिलं, ते सांगते. गेल्या रविवारी तू विचारलंस, मागे कसला गोंगाट आहे, आणि मी म्हटलं, बाजारात आहे. मी हॉस्पिटलच्या जिन्यात होते. त्याआधीच्या बुधवारी तो रानात पडला, डोक्यात रक्त साकळलं, तेव्हापासून डोळे उघडले नाहीत. डॉक्टर म्हणाले, घरी न्यायचं असेल तर शनिवारी न्या, त्यापुढे खात्री नाही. शेवटचा श्वास आपल्या उंबऱ्याच्या आत सोडायचा, एवढी तरी त्याची सोय झाली पाहिजे. दारापर्यंत नर्स हाताने त्याला श्वास देत राहील. हॉस्पिटल ते घर, वाटेत पाच पूल आहेत, आणि प्रत्येक पुलावर जिवाला सांगावं लागतं की पूल आला, नाहीतर तो अलीकडेच घुटमळत राहतो. ते पोटच्या पोराने सांगायचं असतं. नातेवाईक म्हणतात, पोरगी येत नाही तर तू सांग, मोठी बहीण आहेस. मी नाही म्हटलं. पत्र घेऊन आलेला ड्रायव्हर छाई खाली गाडीत थांबलाय, त्याला यातलं काही माहीत नाही. तुला माझं तोंड बघायचं नसेल तर तसं त्याच्याकडे सांग, मी चुलत बहिणीकडे जाऊन राहीन, तुझ्या समोर येणार नाही. पण तू ये. गाडीत त्याच्या कानाशी बस आणि प्रत्येक पुलावर मोठ्याने सांग, "बाबा, पूल आला, नीट या." माझ्या शब्दावर तो एकदा विसंबला होता, बाई. आता तुझा आवाज लागेल.

तुझीच, अजून तसं म्हणू देत असशील तर,
आत्या